गाडी आपोआप थांबते ती कशी? नवख्यांसाठी सुरुवातीपासून

रेल्वेचा मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारला जातो: तिथे ‘कवच’ (गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा) होतं का? बहुतेक वेळा उत्तर ‘नव्हतं’ असंच असतं आणि चर्चा तिथेच संपते. त्याच्या पुढचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: असतं, तर उपयोग झाला असता का? काही अपघातांत नक्की झाला असता, काहींत अजिबात नाही. हा फरक तुमचा तुम्हाला ओळखता यावा म्हणून हा लेख. इंजिनिअर असण्याची गरज नाही, पण पायऱ्या क्रमाने चढा. ब्रेक आणि सिग्नल कळल्याशिवाय थेट कवचावर उडी मारली की टॅग, टॉवर आणि रेडिओच्या गर्दीत हरवायला होतं.

पायरी १: आधी ब्रेक समजून घ्या

जगातली कुठलीही स्वयंचलित यंत्रणा घ्या, गाडी थांबवायची तर तिला शेवटी ब्रेकच लावावा लागतो. आपल्या गाड्यांना इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक ब्रेक पाइप असतो. त्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो इतक्या दाबाची हवा भरलेली असते. हा दाब टिकून आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब उतरला की लागतात. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, पण मुद्दाम तसं केलं आहे. गाडी मधेच तुटून दोन भाग झाले तर पाइप तुटतो, हवा निघून जाते आणि दोन्ही भाग आपापले थांबतात. डब्यातली साखळी ओढल्यावरही हाच दाब उतरतो.

म्हणजे ‘यंत्राने गाडी थांबवली’ याचा अर्थ इतकाच, की लोको पायलटने उतरवायचा दाब त्याच्याऐवजी यंत्राने उतरवला.

आता दुसरी गोष्ट, अंतर. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घासतं. म्हणून तर एक इंजिन हजारो टन ओढू शकतं, आणि म्हणूनच गाडी चटकन थांबत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या गाडीला थांबायला साधारण किलोमीटरभर जागा लागते. समोर लाल दिवा दिसल्यावर ब्रेक लावायचा म्हटलं तर उशीर झालेला असतो. पुढचा सिग्नल लाल आहे हे आधीच कळायला हवं, आणि सगळी सिग्नल पद्धत या एका गरजेवर उभी आहे.

पायरी २: सिग्नल वाचा

हिरवा म्हणजे जा. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलला वेग कमी करावा लागणार आहे, तयारीत राहा. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, तिथे थांबता येईल अशा बेताने चला. लाल म्हणजे थांबा. स्टेशनात शिरण्याआधीचा लाल होऊ शकणारा सिग्नल तो ‘होम’. त्याची वर्दी देणारा ‘डिस्टंट’ त्याच्या किमान एक किलोमीटर आधी असतो.

दोन स्टेशनांमधल्या रुळाच्या तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणतात. मूळ नियम असा, की एका वेळी एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. मुंबईच्या लोकलला हा नियम परवडणारा नाही, म्हणून तिथे स्टेशनांच्या मधेही ऑटोमॅटिक सिग्नल लावून ब्लॉकचे लहान तुकडे केले आहेत. हे सिग्नल पुढच्या तुकड्यात गाडी आहे की नाही ते पाहून स्वतःच रंग बदलतात, आणि त्यांच्या खांबावर ‘ए’ अक्षराची पाटी असते. पाटी लक्षात ठेवा. तिच्याशी जोडलेला एक नियम पुढे उपयोगी पडणार आहे: असा सिग्नल लाल असेल तर गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट पाहायची, तरीही लाल राहिला तर अतिशय हळू, समोर नजर ठेवून पुढे जायचं. बाकीच्या, माणसाने चालवलेल्या लाल सिग्नलला ही सवलत नाही. तो हुकुमाशिवाय ओलांडणं म्हणजे रेल्वेच्या भाषेत ‘स्पॅड’, आणि लोको पायलटच्या नोकरीतला हा सगळ्यांत गंभीर गुन्हा.

लाल सिग्नलच्या पुढे थोडी मोकळी जागा राखलेली असते, तिला ओव्हरलॅप म्हणतात. आपल्याकडच्या रंगीत दिव्यांच्या पद्धतीत होम सिग्नलच्या पुढे ती किमान १८० मीटर असते. गाडी थोडी घसरत पुढे गेली तरी आदळू नये, एवढीच ती माया. भरधाव गाडीसाठी ती काहीच नाही.

पायरी ३: माणूस जागा आहे का, हे पाहणारी यंत्रं

यांचा सिग्नलशी काहीच संबंध नाही, आणि नवखा माणूस नेमका इथे गोंधळतो. लोकलच्या मोटरमनच्या हाताखाली ‘डेड मॅन’ हँडल असतं. हात सैल सुटला की ब्रेक लागतो. लांब पल्ल्याच्या इंजिनांत व्हिजिलन्सचं उपकरण असतं: ६० सेकंद लोको पायलटने कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा, मग बझर, आणि त्यालाही उत्तर नाही मिळालं तर ब्रेक.

छान सोय आहे, पण जागा असलेला आणि चुकीचा सिग्नल वाचलेला माणूस या यंत्रांना पूर्ण समाधानकारक वाटतो.

पायरी ४: सिग्नलशी बोलणारं पहिलं यंत्र, मुंबईत

मुंबई उपनगरी मार्गावर मध्य आणि पश्चिम रेल्वेची मिळून ३६४ मार्ग किलोमीटर लांबी ‘ऑक्झिलिअरी वॉर्निंग सिस्टिम’खाली आहे. कर्मचारी नुसतं ‘एडब्ल्यूएस’ म्हणतात. सिग्नलपाशी रुळात चुंबक बसवलेलं असतं आणि ते सिग्नलच्या रंगाला जोडलेलं असतं. लोकल त्यावरून गेली की खालचं उपकरण रंग ओळखतं. पिवळा असेल तर मोटरमनने काही सेकंदांत बटण दाबून ‘कळलं’ असं सांगायचं, नाहीतर ब्रेक. लाल ओलांडला तर विचारणं नाही, थेट इमर्जन्सी ब्रेक.

लोकलने रोज प्रवास करणाऱ्या लाखो लोकांनी हे नाव ऐकलेलंही नसतं. दर दोन-चार मिनिटांनी एकामागून एक गाड्या धावत असताना मागून धडका का होत नाहीत, याच्या उत्तरात या चुंबकांचा मोठा वाटा आहे.

अशा पद्धतीची एक मर्यादा जपानने फार महाग किंमत देऊन शिकून घेतली. ३ मे १९६२ रोजी टोकियोतल्या मिकावाशिमा स्टेशनाजवळ मालगाडी आणि दोन प्रवासी गाड्यांच्या अपघातात १६० जण गेले. त्यानंतर जपानी रेल्वेने १९६६ पर्यंत देशभर एटीएस नावाची यंत्रणा बसवली. घंटा वाजायची, चालकाने बटण दाबलं की यंत्र गप्प व्हायचं आणि पुढचं सगळं पुन्हा चालकाच्या भरवशावर. शिवाय जुनी यंत्रणा वळणावरचा वेग पाहत नव्हती. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी इथे ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर एक लोकल ११६ च्या वेगाने शिरली आणि रुळांवरून उडून इमारतीत घुसली. १०७ मृत्यू. वेगावर सतत लक्ष ठेवणारी नवी यंत्रणा त्या पट्ट्यात अजून बसायची होती.

तेव्हा कुठलीही यंत्रणा समोर आली की पहिली विचारणा ही करा: ती एका ठिकाणी रंग पाहून मोकळी होते, की पूर्ण वाटभर वेग तपासत राहते?

पायरी ५: गाडी कुठल्या रुळावर आहे?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण याच्यावर आपल्याकडे एक अख्खा प्रयोग अडखळला, आणि तो कोकण रेल्वेचा होता. कोकण रेल्वेचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या काळात ‘अँटी कोलिजन डिव्हाइस’ तयार झालं. त्याचं नाव होतं ‘रक्षा कवच’. प्रत्येक इंजिनावर उपग्रहाच्या मदतीने जागा ओळखणारं यंत्र आणि रेडिओ, दोन गाड्या धोकादायक रीतीने जवळ आल्या की दोघींना ब्रेक. पुढे ईशान्य सीमांत रेल्वेवर ते मोठ्या प्रमाणात लावलं गेलं.

अडचण अशी, की दोन शेजारच्या रुळांमध्ये अंतर असतं जेमतेम चार-पाच मीटर, आणि उपग्रहावरून मिळणारी जागा तेवढी नेमकी नसे. दुहेरी मार्गावर किंवा स्टेशनात शेजारून सुखाने जाणारी गाडी आणि समोरून अंगावर येणारी गाडी यांत फरक करणं यंत्राला कठीण जायचं. मग विनाकारण ब्रेक लागायचे. कोकणच्या एकेरी मार्गावर जी कल्पना शोभून दिसत होती ती गजबजलेल्या यार्डात टिकेना. माझ्या मते हा प्रयोग फसला म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. पुढच्या यंत्रणेने नेमकं काय वेगळं करायचं, ते त्यातूनच कळलं.

पायरी ६: आता कवच

आजचं कवच लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांबरोबर विकसित केलं. प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेवर सुरू झाल्या, आणि जुलै २०२० मध्ये ते देशाची अधिकृत यंत्रणा म्हणून स्वीकारलं गेलं. भाग बरेच आहेत, पण एका गाडीबरोबर चालत गेलात तर लक्षात राहतात.

रुळांच्या मधोमध, स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्टीवर) छोटे आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या चकत्या, बसवलेले असतात. साधारण दर किलोमीटरला आणि सिग्नलांपाशी. टॅगला वीज लागत नाही. इंजिनाखालचा वाचक वरून गेला की टॅग आपली माहिती सांगतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि अमुक रुळावर आहे. मैलाचा दगड बोलायला लागावा तसा. प्रत्येक रुळाला स्वतःचा क्रमांक दिलेला असल्याने पाचव्या पायरीवरचा प्रश्न इथे सुटतो. दोन टॅगांच्या मधे गाडी किती पुढे सरकली ते चाकाच्या फेऱ्या मोजून कळतं.

गाडी आपली जागा रेडिओवरून स्टेशनातल्या कवच यंत्राला कळवते. त्यासाठी वाटेत टॉवर उभारलेले असतात आणि स्टेशनं एकमेकांना ऑप्टिकल फायबरने जोडलेली असतात. स्टेशनातलं यंत्र तिथल्या इंटरलॉकिंगला, म्हणजे सांधे आणि सिग्नल यांचा मेळ राखणाऱ्या यंत्रणेला, विचारतं: सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड) कुठल्या बाजूला लागले आहेत, कुठला सिग्नल कुठल्या रंगाचा आहे? त्यावरून ते गाडीला कळवतं की तुला इथून इतक्या मीटरपर्यंत जायची मुभा आहे.

खरी हुशारी यानंतरची आहे. इंजिनातलं यंत्र आपला वेग, गाडीचा प्रकार, उतार-चढ आणि मुभा संपण्याचं ठिकाण धरून सतत हिशेब करत राहतं, की आत्ता ब्रेक लावला तर त्या ठिकाणाच्या आत थांबता येईल का? लोको पायलटसमोरच्या पडद्यावर चालू वेग, परवानगीचा वेग, पुढच्या सिग्नलचा रंग आणि उरलेलं अंतर दिसतं. धुक्यात ही मोठी सोय आहे, कारण खांबावरचा दिवा दिसण्याआधीच तो केबिनमध्ये दिसतो. वेग जरा वर गेला की इशारा. ऐकलं नाही तर आधी साधा ब्रेक, तेवढ्याने भागलं नाही तर इमर्जन्सी. बटण दाबून ‘कळलं’ म्हटल्याने इथे सुटका होत नाही. वेग खरोखर उतरावा लागतो.

याशिवाय फाटक जवळ आलं की भोंगा आपोआप वाजतो, चढावर गाडी मागे घसरू लागली तर ब्रेक लागतो, आणि संकटात लोको पायलट किंवा स्टेशन मास्तर एसओएस देऊन आसपासच्या कवच असलेल्या गाड्या थांबवू शकतात.

४ मार्च २०२२ रोजी तेलंगणातल्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा स्टेशनांच्या मधे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले आणि त्याच रुळावर समोर दुसरं इंजिन ठेवलं. त्यांची गाडी ३८० मीटर आधी आपोआप थांबली. दिखावा म्हणा हवं तर, पण ज्याच्यावर भरवसा ठेवा म्हणता त्यात स्वतः बसणं मला आवडलं.

१६ जुलै २०२४ रोजी मंजूर झालेली ४.० ही आवृत्ती मोठ्या यार्डांसाठी जास्त योग्य आहे: जागेची अचूकता वाढली आणि इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगशी थेट जोडणी आली. ३० जुलै २०२५ रोजी दिल्ली–मुंबई मार्गावरच्या मथुरा–कोटा भागात ती सुरू झाल्याचं जाहीर झालं.

कुठे पाहायला मिळेल?

मुंबई-पुण्याच्या वाचकांना गंमत वाटेल, पण कवच महाराष्ट्रात पहिल्यांदा आलं ते मराठवाड्यात. दक्षिण मध्य रेल्वेने सुरुवातीला ज्या १,४६५ मार्ग किलोमीटरवर ते बसवलं त्यात मनमाडहून मुदखेडमार्गे दक्षिणेकडे जाणारा लांबलचक मार्ग आहे आणि बिदर–परळी वैजनाथ–परभणी हाही आहे. जालना, परभणी, नांदेड या स्टेशनांवर गेलात तर फलाटावरूनच रुळांच्या मधे पाहा. स्लीपरला घट्ट बसवलेला चपटा टॅग दिसतो का ते शोधा. इंजिनाच्या बाजूवर ‘कवच’ लिहिलं आहे का तेही वाचा. रुळात उतरू नका, फलाटाच्या टोकाच्या उतारावरही नको. तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी विजेच्या इंजिनाची गाडी किती गुपचूप येते हे अंदाज करण्यासारखं नसतं.

पायरी ७: कुणाला बंद करता येतं?

प्रत्येक यंत्रणेला बाजूला ठेवायची सोय असते, असावीच लागते. सिग्नल बिघडला आणि स्टेशन मास्तरने लेखी परवानगी दिली, तर लाल सिग्नल ओलांडायला लोको पायलटला कवचात ‘ओव्हरराइड’ वापरावं लागतं. यंत्रच बिघडलं तर ‘आयसोलेट’ करून गाडी न्यावी लागते. जिथे माहिती पुरेशी नसते तिथे गाडी ‘स्टाफ रिस्पॉन्सिबल’ या अवस्थेत चालते, म्हणजे जबाबदारी पुन्हा माणसाकडे.

इंग्लंडमध्ये १९ सप्टेंबर १९९७ रोजी साउथहॉल इथे एक वेगवान गाडी मालगाडीवर आदळून ७ जण गेले. त्या गाडीत चेतावणी देणारी यंत्रणा होती, पण बिघडल्यामुळे बंद ठेवलेली होती. म्हणून ‘गाडीत यंत्रणा होती’ हे वाक्य वाचलं की पुढे विचारा: चालू होती का?

पायरी ८: कवचाला काय दिसत नाही

कवचाला स्वतःचे डोळे नाहीत. इंटरलॉकिंग जे सांगेल ते त्याच्यासाठी सत्य. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहनगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला होता, सांधा मात्र लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, लागलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. आधी झालेल्या कामात सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. लोको पायलटची चूक नव्हती. तिथे कवच असतं तर इंटरलॉकिंगने त्यालाही हिरवाच सांगितला असता. अशा चुकीवर उपाय कवचात नाही; तो काम करताना आणि ते संपल्यावर होणाऱ्या काटेकोर तपासणीत आहे. कवच नाही म्हणून बालासोर (बहनगा बाजारचा हा अपघात याच जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो) घडलं, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो.

रुळावरची दरड, गुरं, माणसं हीसुद्धा त्याला दिसत नाहीत. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी रुळावर आलेल्या दरडीमुळे घसरली आणि पन्नासहून जास्त प्रवासी गेले. तिथे उपयोगी पडतात ती वेगळी कामं: डोंगर कापलेल्या भागांची बांधबंदिस्ती, पावसाळ्यातली गस्त, कमी वेगाचं पावसाळी वेळापत्रक. तुटलेला रूळ आणि निखळलेलं चाक यांचंही तसंच.

पायरी ९: आता बातमी वाचा

आंध्र प्रदेशात २९ ऑक्टोबर २०२३ रोजी कंटकापल्ली आणि अलमंडा यांच्यामध्ये एक पॅसेंजर गाडी पुढच्या पॅसेंजरवर मागून आदळली आणि १४ जण गेले. प्राथमिक चौकशीत बिघडलेल्या ऑटोमॅटिक सिग्नलपाशी नियम पाळला गेला नाही असं सांगितलं गेलं. दुसऱ्या पायरीवरची ‘ए’ची पाटी आठवा. थांबायचं, वाट पाहायची, मग हळू जायचं. इथे कवच असतं तर त्याने वेग वाढू दिला नसता. याच जातीच्या अपघातासाठी ते बनवलं आहे.

१७ जून २०२४ चा पश्चिम बंगालमधल्या रंगापानीचा अपघात जरा अवघड आहे. सिग्नल सकाळपासून बिघडलेले, गाड्या कागदी परवान्यावर चाललेल्या, आणि मालगाडी कांचनजंगा एक्सप्रेसवर मागून आदळली. कवच असतं तर लाल सिग्नल ओलांडायला ओव्हरराइड वापरलं गेलं असतं, पण एकाच रुळावर पुढे गाडी आहे आणि अंतर कमी होतंय हे त्याला रेडिओवरून कळण्याची शक्यता होती. शक्यता म्हणतो, कारण त्यासाठी दोन्ही इंजिनांत कवच बसवलेलं आणि चालू असायला हवं.

सरकारी आकडे वाचताना हीच गोष्ट सांभाळायची. ‘इतक्या मार्ग किलोमीटरवर कवच’ हा रुळाचा आकडा, ‘इतक्या इंजिनांत कवच’ हा वेगळा. देशाचं जाळं ६८ हजार मार्ग किलोमीटरच्या पुढचं आहे आणि इंजिनं एका विभागातून दुसऱ्यात फिरत असतात. कवच असलेल्या मार्गावर कवच नसलेलं इंजिन आलं तर त्या गाडीला संरक्षण नाही. ‘निविदा काढली’, ‘काम सुरू’, ‘टॉवर उभे’ आणि ‘कार्यान्वित’ हे चार टप्पेही वेगवेगळे आहेत. बातमीत बहुतेक वेळा पहिल्या तिघांपैकीच एखादा असतो. तुमच्या मार्गाबद्दल वाचाल तेव्हा ‘कार्यान्वित’ हा शब्द आणि तारीख शोधा.